नसबंदीनंतरही मांजर ‘तसं’ वागतं तेव्हा: काय पाहायचं, काय करायचं

बोक्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं उलटलेली असतात. एका रात्री तो मऊ ब्लँकेटची घडी दातांत धरतो, तिच्यावर चढतो आणि मागचे पाय आळीपाळीनं तुडवत कंबर हलवायला लागतो. किंवा नसबंदी झालेली मांजरी पाठीवर हात फिरवताच पुढून खाली दबते, मागचा भाग उंच करते आणि शेपूट एका बाजूला घेते. कुणाकडे दोन बोके असतात, दोघांचीही नसबंदी झालेली, तरी एक दुसऱ्याची मानगूट धरून त्याला खाली दाबतो. घरातल्यांना संकोच वाटतो, डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. मग मांजराला ओरडा बसतो, नाहीतर ‘ऑपरेशन नीट झालंच नाही’ असं म्हणून विषय तिथेच संपतो.

माझ्याकडचा बंड्या साधारण तीन वर्षांचा असताना आला, रस्त्यावरचं बोकेपण पुरेपूर जगून. नसबंदीनंतरही जवळजवळ वर्षभर त्यानं माझी लोकरीची शाल सोडली नाही. चिंगी आली ती आधीच्या घरी नसबंदी झालेली, आणि वर्षाहून जास्त काळानंतर ती अचानक माजावर आल्यासारखी ओरडायला लागली. बंड्याला शरीराचा काहीही त्रास नव्हता, चिंगीच्या पोटात अंडाशयाचा तुकडा राहिलेला होता. वरवर पाहता दोघांचं वागणं एकाच जातीचं. म्हणून मी आता त्या वागण्याकडे कमी आणि त्याच्या आजूबाजूला जास्त पाहते. आधी काय झालं, नंतर काय झालं, किती दिवसांनी परत आलं, यातच बहुतेक उत्तर असतं.

सगळ्यात आधी शू तपासा

हे बाकी सगळ्याच्या आधी, विशेषतः बोक्याच्या बाबतीत. बोक्याची मूत्रनलिका लांब असते आणि टोकाकडे फार अरुंद होत जाते. खडे, वाळूसारखे कण किंवा चिकट स्राव तिथे अडकला की शू तुंबते. तेव्हा बोका सारखा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शू-शीसाठी ठेवलेल्या वाळूच्या खोक्यात, जातो, जोर करतो, विव्हळतो, मागचे पाय ताणून विचित्र हालचाली करतो आणि आपलं लिंग सतत चाटतो. कधी ते बाहेर आलेलं, लालभडक दिसतं. घरच्यांना वाटतं, याचं काहीतरी लैंगिक चाललंय. प्रत्यक्षात हा जिवाचा प्रश्न असतो. लघवी पूर्ण बंद झाली तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच: गेल्या बारा तासांत लिटरमध्ये नेहमीएवढे ओले गोळे दिसले का? नसतील, किंवा थेंबथेंब शू, रक्त, उलटी, सुस्ती असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे न्या. पोट दाबून पाहू नका, भरलेली मूत्रपिशवी फुटू शकते.

शू पूर्ण तुंबलेली नसली तरी मूत्रपिशवीची सूज किंवा खडे मांजराला अस्वस्थ ठेवतात, आणि त्या अस्वस्थतेतून चाटणं आणि कशावर तरी चढणं वाढू शकतं. पूर्वी कधीच न चढलेला बोका एकाएकी चढायला लागला तर लघवीची तपासणी करून घेतलेली बरी.

नसबंदीनं काय जातं आणि काय उरतं

बोक्याची दोन्ही वृषणं काढली की टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच खाली येतं. वागणं मात्र त्याच वेगानं बदलत नाही, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. कारण चढण्याची, मानगूट धरण्याची, तुडवण्याची हालचाल मेंदूत आणि मज्जातंतूंत आधीच रुजलेली असते. हॉर्मोन तिला चेतवतो, पण ती त्यानंच बनलेली नसते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमधल्या जे रोझेनब्लॅट आणि लेस्टर ॲरन्सन यांनी 1958 साली बोक्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. समागमाचा अनुभव घेतलेल्या बोक्यांमध्ये ते वागणं नसबंदीनंतरही बराच काळ टिकलं. ज्यांना अनुभव नव्हता त्यांच्यात ते फार कमी दिसलं. बंड्याची शाल मला तिथे उलगडली. तो माझं ऐकत नव्हता असं नाही, त्याच्या शरीराला जे पाठ होतं ते तो करत होता.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नसबंदीच्या वेळी शुक्रवाहिनीत जे शुक्राणू उरलेले असतात ते काही आठवडे तग धरू शकतात. म्हणून नुकतंच ऑपरेशन झालेल्या बोक्याला, नसबंदी न झालेल्या मादीपासून चार ते सहा आठवडे लांब ठेवायचं.

मादीचं चक्र वेगळं. दिवस मोठे व्हायला लागले की मांजरी माजावर येतात. माज साधारण आठवडाभर टिकतो आणि समागम झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येईल. दोन्ही अंडाशयं पूर्ण निघाली की हे चक्र थांबतं. ऐन माजात ऑपरेशन झालं असेल तर थोडे दिवस लक्षणं रेंगाळतात, त्याची काळजी नको.

माद्याही चढतात. नसबंदी झालेली मांजरी दुसऱ्या मांजराच्या पाठीवर चढली म्हणून तिच्यात नर हॉर्मोन आलं असा अर्थ लगेच काढू नये. ती हालचाल दोघांच्याही मेंदूत असते.

दोन आठवडे लिहून ठेवा, एकदा तरी व्हिडिओ काढा

मांजर दवाखान्याच्या टेबलावर कधीच तसं वागत नाही. तिथे ते दगडासारखं गप्प बसतं आणि आपण हातवारे करून सांगत राहतो. फोनवर काढलेला तीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना आपल्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. शेपटीची जागा, कानांची दिशा आणि मागचे पाय दिसतील असा, थोडं लांबून काढा. जवळ जाऊन फोन रोखला की बहुतेक मांजरं थांबतात.

वहीत फार काही लिहायला नको. तारीख, वेळ, कशावर किंवा कुणावर, आधीच्या दहा मिनिटांत काय घडलं, किती वेळ चाललं, नंतर मांजरानं काय केलं. शेवटचा मुद्दा लोक गाळतात, आणि तोच बोलका असतो. ब्लँकेट सोडून शांतपणे अंग चाटून झोपी जाणारा बोका आणि ब्लँकेट सोडून घरभर येरझाऱ्या घालत दारं हुंगणारा बोका, या दोघांचं दुखणं एक नाही. बंड्याच्या वहीत आठवड्याभरात दिसलं की त्याचे जवळजवळ सगळे प्रसंग रात्री नऊच्या आसपासचे, मी घरी येऊन जेवून बसले की मगच. दिवसभर एकटा, नंतर माणूस घरात, पण खेळायला कुणी नाही. चिंगीच्या वहीत मात्र पाच-सहा दिवस सलग गोंधळ, मग एकदम शांतता, आणि सतराव्या दिवशी पुन्हा तेच. ते पान पाहिलं आणि मला डॉक्टरांची वेळ घ्यावीशी वाटली.

जे माजासारखं दिसतं, पण माज नसतो

कणीक मळल्यासारखे पुढचे पंजे दाबणं हे पिल्लूपणीचं. दूध पिताना आईचं पोट असंच दाबतात. मांजर घुरघुरत असतं, डोळे अर्धे मिटलेले असतात, कधी लाळ गळते, कधी कापड चोखतं. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लांत हे चोखणं मोठेपणीही दिसतं. चढण्यात मागचे पाय चालतात, दातांत काहीतरी घट्ट धरलेलं असतं आणि कंबर हलते. हे दोन्ही एकामागून एकही होऊ शकतं, मळता मळता मांजर उत्तेजित होतं आणि चढतं.

शेपटीच्या बुडाशी खाजवलं की मागचा भाग वर उचलणं हा बहुतेक मांजरांचा सहज प्रतिसाद आहे, नर असो वा मादी. हात काढला की थांबतं. खऱ्या माजात मांजरी कुणी हात लावलेला नसतानाही तशी बसते, मागचे पाय जागच्या जागी तुडवते, शेपूट बाजूला ठेवते आणि रात्र-रात्र लांब सूर काढून ओरडते. खाणंही कमी होतं.

कॅटनिप ही मांजरांना भुरळ घालणारी वनस्पती हुंगून लोळणं, गाल घासणं, पोट वर करणं हे माजासारखंच दिसतं. साधारण दोनतृतीयांश मांजरं त्याला अशी प्रतिक्रिया देतात, ते आनुवंशिक असतं, आणि नसबंदीशी त्याचा संबंध नाही. खोकलीच्या मुळाशीही कित्येक मांजरं अशीच लोळतात. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं.

उभी शेपूट थरथरवत तुमच्याकडे येणं म्हणजे बहुधा स्वागत. तेव्हा मागे भिंत किंवा कपाट असेल आणि ओलं झालं तर मात्र तो फवारा, म्हणजे हद्दीची खूण म्हणून मारलेली लघवी. तोंडात खेळणं घेऊन गळा काढत घरभर फिरणारी मांजरी शिकारीचा किंवा पिल्लांना खाऊ आणून देण्याचा खेळ खेळत असते, तिला माजात धरू नका.

दोन गोष्टी मात्र सोडून देण्यासारख्या नाहीत. पाठीची कातडी लाटेसारखी थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, शेपटीवर तुटून पडणं आणि मग एकाएकी पळत सुटणं, हे वारंवार होत असेल तर ती अतिसंवेदनशीलता, पिसवांची ॲलर्जी किंवा मणक्याचं दुखणं असू शकतं. आणि दहा-बारा वर्षांचं मांजर रात्री ओरडायला लागलं तर माज शोधत बसण्याआधी थायरॉईड, रक्तदाब आणि सांधे तपासा.

मांजरीत माज खरोखर परत आला असेल तर

माजाची खरी लक्षणं ठरावीक अंतरानं परत येत असतील तर अंडाशयाचा तुकडा शरीरात राहिला असण्याची शक्यता मोठी. ऑपरेशनच्या वेळी एखादा बारीक भाग सुटतो, त्याला पुन्हा रक्तपुरवठा मिळतो आणि तो काम करायला लागतो. हे काही आठवड्यांनी दिसू शकतं, काही वर्षांनीही. सगळ्यात चांगल्या हातूनही हे घडतं, म्हणून आधीच्या डॉक्टरांशी भांडत बसू नका. ऑपरेशनचे कागद तेवढे मागून घ्या.

दवाखान्यात न्यायची वेळ नीट निवडा. लक्षणं चालू असतानाच न्या, शांत झाल्यावर नको. माजात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं आणि त्यामुळे योनीच्या अस्तरातल्या पेशी चपट्या, कडक होतात. कापसाच्या बोळ्यानं घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ते कळतं. ही तपासणी सोपी आहे, पण माज संपल्यावर तिचा काही उपयोग नाही. दुसरा मार्ग रक्तातल्या एएमएच या हॉर्मोनचा. हे अंडाशयाच्या पेशीच तयार करतात, म्हणून ते सापडलं की अंडाशयाचा अंश आहे असं समजायचं. यासाठी माजाची वाट पाहावी लागत नाही. सोनोग्राफीत तुकडा दिसला तर बरं, पण दिसला नाही म्हणून तो नाहीच असं मानू नका, तो फार लहान असतो.

एक गोष्ट घरच्या घरी पाहण्यासारखी आहे, आणि तिची चौकशी डॉक्टरही क्वचितच करतात. घरात कुणी इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉनचं क्रीम किंवा जेल त्वचेवर लावतं का? मांजर हातावर झोपतं, मनगट चाटतं, आणि औषध त्याच्या अंगात जातं. अंडाशय नसतानाही माजासारखी लक्षणं, स्तनांची सूज आणि योनीची सूज यातून येऊ शकते. तसं काही असेल तर लावलेली जागा कपड्यानं झाका, हात धुवा, आणि डॉक्टरांना आधी हे सांगा.

तुकडा राहिला आहे असं ठरलं की उपाय एकच, पुन्हा ऑपरेशन. माज चालू असताना किंवा नुकताच होऊन गेल्यावर तो तुकडा फुगलेला असतो आणि सापडायला सोपा जातो, म्हणून डॉक्टर तीच वेळ निवडू शकतात. काढलेला भाग प्रयोगशाळेत पाठवायला सांगा, तो अंडाशयच होता याची खात्री होते. ‘थोडं सहन करू, तिला काही होत नाही’ असं मी पहिल्या महिन्यात म्हणत होते. पण अंडाशयाचे हॉर्मोन चालू राहिले की स्तनांच्या गाठींचा धोका उरतो, आणि गर्भाशयाचा थोडा भाग मागे असेल तर त्यात पू होऊ शकतो.

माज दाबणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देऊन दिवस ढकलू नका. अशा औषधांमुळे मांजरांना मधुमेह, स्तनांची मोठी सूज आणि स्तनांच्या गाठी झालेल्या आहेत. एका इंजेक्शनची सोय आणि पुढची ही किंमत यांचा मेळ बसत नाही.

दत्तक घेतलेलं, इतिहास माहीत नसलेलं मांजर

‘नसबंदी झालीय’ हे सांगोवांगी असेल तर आधी तेच तपासा. रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी करून परत सोडताना कानाचं टोक कापतात. तो सरळ काप दिसला तर बहुधा ऑपरेशन झालेलं असतं. पोटावरचा व्रण केसांत लपतो, आणि बोक्याच्या बाबतीत वृषणांची रिकामी पिशवी फसवते, कारण वृषण खाली उतरलेलंच नसेल तर बाहेरून नसबंदी झाल्यासारखंच दिसतं. पोटात अडकलेलं वृषण बीज तयार करत नाही, शरीराची उष्णता त्याला मानवत नाही. हॉर्मोन मात्र ते व्यवस्थित तयार करतं.

बोक्यात हॉर्मोन उरला आहे का, हे कसं कळेल

नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लिंगावर मागे वळलेले बारीक काटे असतात. ते टेस्टोस्टेरॉनवर जगतात आणि नसबंदीनंतर सुमारे सहा आठवड्यांत नाहीसे होतात. दवाखान्यात डॉक्टर काही सेकंदांत पाहू शकतात. ऑपरेशनला दोन-तीन महिने झाले आणि काटे तसेच असले तर टेस्टोस्टेरॉन कुठून तरी येतोय. पोटात राहिलेलं वृषण, घरातलं जेल, किंवा क्वचित मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीची गाठ. ही गाठ दुर्मिळ आहे, पण म्हाताऱ्या बोक्यात, नसबंदीनंतर पुष्कळ वर्षांनी अचानक आक्रमकपणा, फवारे आणि काटे एकत्र दिसले तर डॉक्टर तिचा विचार करतात. घरी एकच खूण पाहा, वास. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीला जो उग्र, घरभर भरून राहणारा वास असतो तो नसबंदीनंतर उतरतो. तो परतला तर लक्ष द्या.

काटे नाहीत, वास नाही, लघवी स्वच्छ, आणि तरी बोका चढतोय? मग हे सवयीचं, उत्तेजनेचं किंवा ताणाचं. बहुतेक बोके या गटातले.

घरात नसबंदी न झालेली मादी असेल तर नसबंदी झालेला बोकाही तिच्याशी समागम करू शकतो, पूर्ण. मांजरीत अंडं समागमामुळे सुटतं, त्यामुळे त्यानंतर तिला खोटी गर्भधारणाही होऊ शकते आणि माज काही आठवडे येत नाही. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे सोडले तर पिल्लं मात्र होत नाहीत. लोकांना ही सोय वाटते, पण त्या मादीची नसबंदी हाच खरा उपाय, नाहीतर दोघंही कायम ताणाखाली राहतात. शेजारची मादी माजावर असली तरी घरातला नसबंदी झालेला बोका खिडकीत अस्वस्थ होतो. तेवढे दिवस पडदा ओढा, खिडकी बंद ठेवा.

शरीरात दोष नाही, मग घरी काय करायचं

वस्तूवर चढत असेल तर मला स्वतःला फार अडवणं पटत नाही. दिवसातून एकदा, पाच मिनिटं, एका जुन्या कापडावर, आणि नंतर बोका शांत झोपतो, यात कुणाचं काय बिघडलं? त्याला एकच कापड ठरवून द्या, ते धुवा, पाहुणे येणार असतील तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा. अडवायचं ते तेव्हा, जेव्हा ते रोज वाढत जातं, मांजर खाणं-झोपणं सोडून त्यातच गुंतून राहतं, किंवा चाटून चाटून जागा लाल करतं.

ओरडू नका, पाणी मारू नका, मानगूट धरून उचलू नका. बंड्याला मी पहिले काही आठवडे ओरडायचे. त्यानं शाल सोडली नाही, मी खोलीत आले की तो ती पलंगाखाली ओढून नेऊ लागला. शिक्षेनं मांजराला एवढंच कळतं की या माणसासमोर सावध राहायचं. ताण वाढतो, आणि ताणातून चढणंही.

काम करतं ते त्याच्या आधीचं. वहीत जी वेळ सापडली तिच्या वीस मिनिटं आधी काठीच्या टोकाला पिसं बांधून खेळा. दबा धरणं, पळणं, पकडणं, चावणं, एवढा क्रम पूर्ण व्हायला हवा, आणि शेवटी थोडं खाणं द्या. शिकार, मग पोट, मग अंग चाटणं, मग झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. रोज दोन किंवा तीन वेळा दहा-दहा मिनिटं. लेझरच्या ठिपक्यानं खेळवत असाल तर शेवटी हातात येईल असं काहीतरी पकडू द्या, नाहीतर शिकार अर्धीच राहते. बंड्याचं नऊ वाजताचं प्रकरण अशा खेळानं दोन महिन्यांत आठवड्यातून एकदावर आलं.

तुमच्या हातावर किंवा पायावर चढत असेल आणि दातांत कातडी धरली असेल, तर झटक्यानं हात ओढू नका, ओढलं की तो घट्ट धरतो आणि जखम खोल होते. हात सैल सोडा, दुसऱ्या हातानं खेळणं दूर फेका. तो सुटला की काही न बोलता उठून जा. त्यानंतर काही दिवस कुरवाळताना शेपटीच्या बुडाशी आणि पोटावर हात न नेता गाल आणि हनुवटीवरच थांबा. मांजराचा चावा लहान दिसतो पण दातांमुळे जंतू आत खोल जातात. जखम लगेच साबणानं धुवा आणि सूज दिसली तर डॉक्टरकडे जा.

एक मांजर दुसऱ्यावर चढत असेल तर आधी खालच्या मांजराकडे पाहा. ते उठून अंग झटकून पुन्हा खेळायला येतं का, की कपाटावर जाऊन बसतं, लिटर बॉक्सकडे जायला घाबरतं, जेवायला यायला कचरतं? पहिलं असेल तर ही बहुधा दांडगाई, पाठ फिरवली तरी चालेल. दुसरं असेल तर हा त्रास आहे, आणि त्रास सहन करणाऱ्याची बाजू आपण घ्यायची. प्रसंग चालू असताना मध्ये हात घालू नका. एक उशी किंवा पुठ्ठा दोघांच्या मध्ये सरकवा. मग जागा वाढवा. लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि ते सगळे एका ओळीत नकोत, वेगवेगळ्या खोल्यांत हवेत. जेवण एकमेकांना न दिसेल असं. उंच बसायच्या दोन-तीन जागा, प्रत्येकीला येण्याजाण्याचे दोन रस्ते, म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकत नाही. प्रकरण हातघाईवर आलं असेल तर काही दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, अंथरुणं अदलाबदल करून वास ओळखीचा करा, दाराच्या दोन बाजूंना जेवू घाला आणि मग हळूहळू एकत्र आणा. अशा वेळी घाई केली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

वर चढणारं मांजर दवाखान्यातून परत आल्यावर हे वाढलं तर नवल मानू नका. दवाखान्याचा वास दुसऱ्याला परका वाटतो. एक रात्र वेगळं ठेवलं की बहुतेक निवळतं.

फवारे

लहानपणीच नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे 10 टक्के आणि माद्यांपैकी 5 टक्के मोठेपणी वारंवार फवारा मारतात, असं बेंजामिन हार्ट आणि एल. कूपर यांच्या 1984 मधल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे तुमचं मांजर अगदी वेगळं नाही, आणि ते सूडही उगवत नाही. उभी शेपूट, उभ्या पृष्ठभागावर थोडीशी लघवी, ही स्वतःच्या हद्दीची खूण. बहुतेकदा कारण बाहेरचं मांजर असतं, नवीन माणूस, नवीन फर्निचर किंवा घरातल्या घरातली तेढ. बाहेरचं मांजर दिसणाऱ्या खिडकीचा खालचा भाग कागदानं झाका, लिटर रोज उपसा, आणि लघवीची तपासणी इथेही करून घ्या.

साफ करायला अमोनियावालं काही वापरू नका, मांजराला त्याचा वास लघवीसारखाच लागतो. ब्लीच लघवीशी मिसळलं की घातक वाफ निघते. फिनाइल मांजरांना विषारी आहे. एन्झाइमवालं क्लीनर मुरू द्या, वास मुळापासून जाईपर्यंत दोन-तीनदा करा. डाग वाळलेले असतील तर अंधारात अल्ट्राव्हायलेट टॉर्च मारून शोधा, आपल्याला माहीत नसलेल्या जागाही सापडतात.

औषधं कधी

मांजराच्या चेहऱ्याच्या गंधाची नक्कल करणारे डिफ्यूझर (खोलीत गंध सोडणारी उपकरणं) काही घरांत मदत करतात, काही घरांत नाही. महिनाभर लावून पाहायला हरकत नाही, पण खेळ आणि जागा यांच्या बदल्यात नाही. हे सगळं सहा-आठ आठवडे मनापासून केलं, वहीत आकडे कमी होत नाहीत आणि मांजर किंवा दुसरं मांजर त्रासात आहे, तर डॉक्टरांशी फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन यांसारख्या औषधांबद्दल बोला. चिंतेतून येणारे फवारे आणि न थांबणारं चढणं यात ती उपयोगी पडतात. गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला भूक मंदावू शकते, आणि ती मनानं एकदम बंद करायची नसतात, डोस हळूहळू उतरवायचा असतो. माणसांसाठी घरात असलेली गोळी मोडून देऊ नका, मांजराचा डोस वजनावर ठरतो आणि चूक फार लहान असली तरी पुरते. दवाखान्यात जाताना ती वही आणि तो तीस सेकंदांचा व्हिडिओ सोबत असू द्या.